नोंदवही कोणाच्या घरी?

साशंक : भाऊ, जगभरच्या देशांनी माहितीच्या कारभारात एकमेकांना साथ द्यावी, हे तुझं म्हणणं मी ऐकलं. तेवढं लांब जाण्याआधी जरा माझ्या केळीच्या बागेत चल. ई-पीक पाहणीसाठी मोबाइल हातात धरून मी गटाच्या मधोमध उभा राहतो. वर पानांचं दाट छत, नेटवर्क येतं आणि जातं. पडद्यावरचा ठिपका माझ्या गटातून सरकत शेजाऱ्याच्या गटात जातो, पुन्हा परततो. मग एकदाचा फोटो निघतो. त्याच्याबरोबर अक्षांश-रेखांश, वेळ, पीक, क्षेत्र, गट नंबर, सगळं निघून जातं. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात हे चाललं आहे. त्यावर आता ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक आला. आधार, सातबारा आणि पीक एकाच धाग्यात ओवलं गेलं, आणि एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी तो क्रमांक सक्तीचा झाला. मी नोंद केली, कारण नोंद नाही तर योजना नाही. पण फैजपूरच्या शिवारातून निघालेली ती नोंद पुढे कोणाकोणाच्या हातात गेली, हे मला कोणी सांगत नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयानं सहा राज्यांतल्या शंभर गावांसाठी मायक्रोसॉफ्टबरोबर करार केला. तेव्हा पन्नासहून अधिक संघटनांनी पत्र लिहून आक्षेप घेतला, की शेतकऱ्यांना न विचारताच त्यांची माहिती पुढे सरकते आहे. दोन सरकारं, किंवा एक सरकार आणि एक कंपनी, हातात हात देतात तेव्हा माझी सही त्यात कुठे असते? मला सहकार्याचं वावडं नाही. माझ्या वस्तूवर माझ्यामागे होणाऱ्या सहकार्याचं आहे.

उत्साही : आबा, तुमच्याच बागेत थांबून बोलतो. डिसेंबर-जानेवारीत पारा उतरायला लागला की तुम्ही बांधावर ओला-सुका कचरा पेटवून धूर करता, रात्रीचं पाणी देता. थंडीची लाट येतेय हे तुम्हाला दोन-तीन दिवस आधी कळतं, म्हणून हे जमतं. ते कळतं कसं? सातपुड्याकडे बघून नव्हे. वायव्येकडून येणारी थंड हवा आपल्या देशात शिरण्याआधी तिच्या मोजमापांचे आकडे आपल्याकडे आलेले असतात. हवामानाच्या नोंदींची देवाणघेवाण करायची, हे १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत देशांनी एकत्र बसून ठरवायला घेतलं. १९५० मध्ये जागतिक हवामान संघटनेचा करार अमलात आला. आणि १९६३ मध्ये, म्हणजे क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि रशिया अणुयुद्धाच्या काठावर गेले त्याच्या दुसऱ्याच वर्षी, जागतिक हवामान निरीक्षणाची यंत्रणा उभी राहिली. तिची तीन जागतिक केंद्रं होती वॉशिंग्टन, मॉस्को आणि मेलबर्न. एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून बसलेले दोन देश वाऱ्याचा वेग, पारा आणि पाऊस एकमेकांना रोज कळवत राहिले. हे होऊ शकतं याचा याहून मोठा दाखला कोणता? माहिती सीमा ओलांडते म्हणून तुमचा घड वाचतो.

साशंक : दाखला मोठा आहे, पण अर्धाच. वारा कोणाच्या मालकीचा नाही, म्हणून तो वाटून घेता आला. आणि तोही किती काळ? पुढे काही देशांच्या हवामान खात्यांनी नोंदी विकायला सुरुवात केली. मग १९९५ मध्ये त्याच संघटनेला ठराव करावा लागला, की अत्यावश्यक नोंदी विनाअट द्यायच्या, बाकीच्यांवर देशांना अटी घालता येतील. म्हणजे आभाळातही वाटे पडले. आता ते आभाळ माझ्या मंडळात आण. आपल्याकडच्या महसूल मंडळांत ‘महावेध’ची स्वयंचलित हवामान केंद्रं बसली. केळीचा विमा हवामानावर आधारलेला. थंडीत सलग तीन दिवस पारा ८ अंशांवर किंवा त्याखाली राहिला की भरपाई, अशी त्याची घडण. इथे माझ्या नुकसानीचा पंचनामा करायला कोणी बागेत येत नाही, खांबावरचं यंत्र काय म्हणतं ते खरं. विमा कंपनी आपली जोखीम पुढे पुनर्विमा कंपन्यांना देते, त्यांतल्या कित्येक परदेशी. म्हणजे यावल-रावेरच्या थंडीचे आकडे पार युरोपातल्या एखाद्या हिशेबात जाऊन बसतात आणि पुढच्या वर्षीचा हप्ता ठरवायला उपयोगी पडतात. समजा, माझ्या बागेत पारा साडेसातवर गेला आणि काही किलोमीटरवरच्या खांबावर साडेआठ दिसला. त्या रात्रीच्या आकड्याची प्रत माझ्या हातात कुठे आहे? आकडा जगभर फिरतो, आणि ज्याची पानं काळी पडली तो तालुक्याला खेटे घालतो.

म्हणून सांगतो, घरची वही घरात राहू दे. २०१९ मध्ये ओसाकाला जी-२० च्या परिषदेत ‘विश्वासासह माहितीचा मुक्त प्रवाह’ म्हणून जाहीरनामा आणला, त्यावर भारतानं सही केली नाही. दक्षिण आफ्रिका आणि इंडोनेशियाही बाहेर राहिले. बरोबर केलं. आपल्या रिझर्व्ह बँकेनं ६ एप्रिल २०१८ ला सांगितलं, की पैशांच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठवायची. मास्टरकार्डनं ते पाळलं नाही म्हणून जुलै २०२१ पासून तिला नवे ग्राहक घ्यायला बंदी केली, आणि जवळजवळ वर्षभरानं, पूर्तता झाल्यावरच, ती उठवली. सही न करणाऱ्याचं ऐकलं जातं, ते असं. आणि उलट बाजू बघ. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघानं नायरा एनर्जीवर निर्बंध लावले, तर मायक्रोसॉफ्टनं तिच्या सेवा थांबवल्या. कंपनी भारतातली, तेल शुद्धीकरण गुजरातेत, माहिती तिचीच. तरी दिल्लीच्या उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा सेवा परत सुरू झाल्या. किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असली की आपल्याच घराबाहेर उभं राहायची वेळ येते.

उत्साही : किल्लीचं म्हणणं मी नाकारत नाही. पण वही घरात असली म्हणजे ती सुरक्षित, हे तुम्ही गृहीत धरता, आणि त्याचं उत्तर महाराष्ट्रानंच पाहिलं आहे. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ ची. वही पुण्यात, खातेदार आपले. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. बँकेच्या यंत्रणेत घुसलेल्यांनी एटीएमच्या परवानग्या देणाऱ्या वाटेलाच बगल दिली आणि बनावट कार्डांनी २८ देशांत पैसे निघू लागले. काही कार्डं कोल्हापूर, मुंबई, पुणे इथेही चालली. दोन दिवसांनी, १३ ऑगस्टला, सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळते झाले. एकूण चोरी ९४ कोटींच्या वर. त्यासाठी चोराला पुण्यात यावं लागलं नाही. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं, पण ती एटीएमपुढे उभी राहणारी माणसं होती. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटानं २०१९ च्या अहवालात या चोरीचा माग उत्तर कोरियाकडे नेला. आता सांगा, २८ देशांतल्या एटीएमचं चित्रीकरण मागवायचं, हाँगकाँगचं खातं गोठवायचं, तिथून पैसे परत आणायचे, हे पुण्याच्या पोलिसांनी एकट्यानं कसं करायचं? हाँगकाँगहून काही कोटी परत आले ते तिथल्या पोलिसांनी साथ दिली म्हणून.

आणि सही न करण्याचीही किंमत पडते. सायबर गुन्ह्यांवरचा बुडापेस्ट करार २००१ चा. तो लिहिताना आपल्याला बोलावलं नव्हतं म्हणून आपण त्यात गेलो नाही. मुद्दा मानाचा होता आणि रास्त होता. पण आज एखाद्या निवृत्त शिक्षकाला ‘डिजिटल अटक’ म्हणून फोनवर दिवसभर बसवून ठेवतात, त्याची पुंजी काढून घेतात, आणि फोन करणारा दुसऱ्याच देशात एखाद्या बंदिस्त आवारात बसलेला असतो. तेव्हा त्या शिक्षकासाठी पुरावा मागायला जी वाट हवी, ती करारातूनच जाते. डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नवा करार मंजूर केला, त्याच्या वाटाघाटीत भारत होता. बाहेर राहून जे मिळत नव्हतं ते आत बसून मागता आलं.

इथे एक गोष्ट लिहिणाऱ्याला नोंदवावीशी वाटते. दोघेही ‘आपली माहिती’ म्हणतात, पण दोघांच्या ‘आपली’त अंतर आहे. एकाच्या मनात कुंपण असलेला गट आहे, दुसऱ्याच्या मनात चोरीला जाऊ शकणारी रक्कम. कुंपणाला पहारा पुरतो, रकमेला पुरत नाही. पण दोन्ही उपमा एका ठिकाणी तोकड्या पडतात. माहिती दिली तरी देणाऱ्याकडे उरते, आणि चोरली गेली तरी घरातून काही नाहीसं झालेलं दिसत नाही. म्हणून तिचा हिशेब जमिनीच्या किंवा पैशाच्या कायद्यानं पुरता लागत नाही.

उत्साही : मग दोन्ही सांभाळणारं एक उदाहरण देतो, आणि तेही मराठी माणसाच्या हातून झालेलं. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीनं जखम भरून काढण्याचं पेटंट मिळालं. आपल्या आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लावलेली हळद! त्याला आव्हान दिलं गेलं तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक. परिषदेनं ३२ संदर्भ पुढे ठेवले, त्यांत संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथही होते, आणि ऑगस्ट १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. पण एकेका पेटंटमागे असं धावणं परवडत नाही. म्हणून २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांचे ग्रंथ पाच आंतरराष्ट्रीय भाषांत आणले. मग ते जगाला उघडं टाकलं का? नाही. पेटंट कार्यालयांशी करार केले, युरोपीय कार्यालयाशी २००९ मध्ये. तपासनिसानं पाहायचं, तपासापुरतं वापरायचं, तिसऱ्याला द्यायचं नाही. माहिती आपली, कुलूप आपलं, अट आपली, आणि उपयोग सीमेपलीकडे. मी ज्याला न्याय्य आणि सुरक्षित सहकार्य म्हणतो ते हेच.

साशंक : हे मला पटतं, आणि मोकळेपणानं सांगतो, या उदाहरणाचं उत्तर माझ्याकडे नाही. त्यात देणाऱ्यानं अट घातली आणि घेणाऱ्यानं पाळली. पण ती अट सरकारला घालता आली, कारण समोर सरकारी कार्यालयच होतं. समोर बाजार असला की काय होतं, ते केळीवरून सांगतो. बेल्जियममध्ये ल्युव्हेनला १९८५ पासून केळीच्या वाणांचा जागतिक संग्रह आहे, दीड हजारांहून अधिक वाण, जगभरच्या शेतकऱ्यांनी राखलेले. २०१२ मध्ये केळीचा जनुकीय आराखडा जाहीर झाला. आता वाणाचं रोप हातात नसलं तरी चालतं, त्याची जनुकीय अक्षरं संगणकावर असली की पुढचं संशोधन होतं. मग ज्यांनी वाण जपले त्यांना काय? यावर देशांची वर्षानुवर्षं चर्चा झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘काली निधी’ सुरू झाला. अशा माहितीतून कमावणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा १ टक्का किंवा उलाढालीचा ०.१ टक्का त्यात द्यावा. ‘द्यावा’ हा शब्द नीट ऐक. ‘दिलाच पाहिजे’ असं तिथे नाही. आम्ही सोसायटीचं कर्ज ‘फेडावं’ अशा भाषेत घेत नाही.

उत्साही : पण त्या निधीची निम्मी तरी रक्कम स्थानिक समूहांना आणि आदिवासींना जावी, हेही त्यात लिहिलं आहे. दहा वर्षांपूर्वी हा विचारही कागदावर नव्हता. ‘द्यावा’चं ‘दिला पाहिजे’ व्हायला वेळ लागतो, आबा, आणि ते टेबलाशी बसूनच होतं. युरोपचं बघा. १२ सप्टेंबर २०२५ पासून तिथे नवा कायदा लागू झाला. इंटरनेटला जोडलेला ट्रॅक्टर शेतात जी माहिती गोळा करतो, ती मागायचा हक्क तो वापरणाऱ्या शेतकऱ्याला आहे. कंपनीला ‘आमचं गुपित’ म्हणून सरसकट हात वर करता येत नाहीत. हे आपल्याकडे का मागू नये?

साशंक : मागू या. पण मागताना आपलाच इतिहास आठव. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतली खतपत्रं बाहेर काढून जाळली. दागदागिन्यांपेक्षा कागदांवर त्यांचा रोख होता. कारण कर्ज किती, व्याज किती, फिटलं किती, सगळं सावकाराच्या वहीत आणि अंगठा शेतकऱ्याचा. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. मला त्यातली कर्जमाफी आठवत नाही, पावती आठवते. खत गावच्या निबंधकापुढे व्हायचं. पैसे भरले की लेखी पावती. मागितलं तर वर्षाचा हिशेब आणि पासबुक. वही सावकाराच्याच घरी राहिली, पण तिची प्रत शेतकऱ्याच्या घरात आली. भाऊ, आज माझ्या पिकाचा फोटो जातो, आधार जातं, तापमान जातं. पासबुक कुठे आहे?

उत्साही : हा मुद्दा तुम्ही आधी मांडला असता तर आपला निम्मा वाद वाचला असता. वही कुठे ठेवायची यावर आपण भांडत होतो, आणि तुम्हाला खरी हवी आहे ती प्रत.

साशंक : प्रत हवी आणि दाद मागायला दारही हवं. २०२३ चा आपला वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा घे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत. माझ्याबद्दल काय माहिती आहे हे विचारायचा हक्क त्यात आहे, चांगलं आहे. दंड २५० कोटींपर्यंत आहे. पण तो दंड सरकारच्या तिजोरीत जातो, माझं नुकसान झालं तर मला त्यातून भरपाई नाही. सरकारी यंत्रणांना सूट देण्याचं कलम आहे. आणि माझं नाव पुसून सगळ्या तालुक्याच्या बागा एकत्र केल्या, किती निसवण झाली, माल कधी कापणीला येणार, असा ढीग केला, तर तो वैयक्तिक राहत नाही आणि या कायद्यात बसतही नाही. खरं मोल मात्र त्या ढिगालाच आहे. रावेर-यावलचा माल कोणत्या आठवड्यात एकदम निघणार हे ज्याला आधी कळलं, त्यानं बऱ्हाणपूरच्या बाजारात कधी हात आखडता घ्यायचा हे ठरवलंच म्हणून समज.

उत्साही : म्हणूनच देशाबाहेरही नियम हवेत. सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांत जागतिक डिजिटल करारनामा झाला. त्यातून माहितीच्या कारभारावर जिनिव्हात एक कार्यगट बसला आहे, सरकारांबरोबर बिगरसरकारी मंडळीही त्यात आहेत. तुमच्या ढिगाचा प्रश्न, म्हणजे नाव पुसलेल्या माहितीतून होणाऱ्या कमाईत मूळ समूहाचा वाटा, तिथे मांडायलाच हवा. आणि फैजपूरला हे नवं का वाटावं? डिसेंबर १९३६ मध्ये धनाजी नाना चौधरींच्या पुढाकारानं काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदा खेड्यात भरलं ते इथे. नंदलाल बोसांनी बांबूनं सजवलेल्या त्या नगरात शेतीचा कार्यक्रम ठरला, सारा, खंड आणि कर्ज हलकं करण्याचा. आणि त्याच व्यासपीठावरून अध्यक्ष जवाहरलाल नेहरू स्पेनमधल्या युद्धाबद्दल बोलले. सावकारी आणि स्पेन एका सभेत! इथल्या माणसांना ते विजोड वाटलं नाही.

साशंक : त्या सभेला पायी आणि बैलगाड्यांनी माणसं आली होती. शेतकरी स्वतः बसला होता. तुझ्या कार्यगटात फैजपूरच्या बाजूनं कोण बसणार? मंत्रालय? ते माझ्या माहितीचं राखणदारही आहे आणि ती वापरणारंही. मोठी स्वयंसेवी संस्था? तिला केळीच्या कांदेबाग आणि मृगबाग लागवडींतला फरक समजावून सांगावा लागेल.

उत्साही : शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत, सोसायट्या आहेत. सभासदांच्या वतीनं त्यांनी माहितीचा करार करावा. ढीग मोठा असेल तरच समोरचा अट ऐकतो. तुम्ही एकटे गेलात तर तुम्हाला ‘मान्य आहे’ हे बटण दाबायलाच लावतील.

साशंक : आणि सोसायटीनं माझ्या वतीनं बटण दाबलं तर? संचालक मंडळ बदलतं, निवडणुका होतात, माणसं बसतात आणि उठतात. माझं नाव ढिगातून काढून घे म्हटलं, तर निघेल का? एकदा यंत्र त्यावर शिकून गेलं की माझी फणी त्यातून वेगळी कशी काढणार?

उत्साही : पुरती नाही काढता येणार. ते मी मान्य करतो. म्हणून करार मुदतीचा असावा, आणि मुदत संपली की वाटा नव्यानं ठरावा.

साशंक : मुदत ठीक आहे. पण पासबुक सोसायटीच्या नावावर की माझ्या?

उत्साही : दोघांच्या.

साशंक : आणि सोसायटीच्या पानावर एक आकडा, माझ्या पानावर दुसरा, असं झालं तर कोणतं पान खरं धरायचं? ते फैजपूरला ठरेल, दिल्लीला, की जिनिव्हाला?

उत्साही : माझ्या मते फैजपूरला ठरावं, आणि जिनिव्हानं ते मानावं.

साशंक : मग तो कागद आधी लिहून आण. मराठीत. मी सोसायटीत वाचून दाखवतो, आणि कोण कुठे अडतं ते बघू.